खाडीच्या शाळेत मी उत्तर सांगून आलो

आमच्या घरात कुणीही प्रवासाहून परतलं की संध्याकाळी सगळ्यांनी चहाला जमायचं आणि त्यानं सगळं सांगायचं, अशी रीत आहे. सांगणारा बहुतेक वेळा मीच असतो, प्रवास दुसऱ्या कुणी केलेला असला तरी. या वेळी पेण-रोह्याहून आलो आणि गप्प बसलो. थोरल्या भावानं विचारलं, "काय रे, तिकडं कुणी मारलं का तुला?" मारलं असतं तर बरं झालं असतं. ते रंगवून सांगता आलं असतं. हे लिहूनच टाकतो, कारण लिहिताना समोर बसून कुणी हसत नाही.

मी साताऱ्यात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, आणि गेली काही वर्षं भाषणंही देतो. सरकारी शाळेत शिकवणं मास्तरभोवती न फिरता मुलाभोवती फिरावं, मुलानं विचारावं, चुकावं, शोधावं, असा विषय. भाषणाचं नाव 'थांबा, मूल बोलतंय'. त्यात पडद्यावर चित्रं आहेत, एक विनोद आहे, आणि शेवटी एक जागा अशी आहे की मी काहीच बोलत नाही, नुसता उभा राहतो. शांततेला किती किंमत असते हे शिक्षकांना कळावं म्हणून. ही शांतता मी आरशासमोर बसवलेली आहे.

बायकोचा, म्हणजे सुनंदाचा, मावसभाऊ अनंता रोह्याकडे केंद्रप्रमुख आहे. आसपासच्या जिल्हा परिषद शाळांवर देखरेख करणं हे त्याचं काम. त्याचा फोन आला. "भावोजी, शनिवारी रोह्याला शिक्षकांचा मेळावा आहे. पेणच्या पण शाळा येतील. पोरं आपापले प्रश्न मांडणार आहेत टेबलावर. भाषण तुमचं. आणि येताना पेणजवळची एक शाळा बघून या. तिथल्या म्हात्रेबाई तुम्ही भाषणात सांगता ना, ते खरोखर करतात."

हे 'खरोखर' मला तेव्हाच टोचायला हवं होतं. पण मी सुटकेसमध्ये इस्त्रीचा कुर्ता कुठं ठेवायचा या विचारात होतो.

पेण

सुनंदा आणि मी साताऱ्याहून पेणला कसे पोचलो ते सांगत नाही. एसटीत माणसाचं जे होतं ते झालं.

पेणला उतरलात आणि गणपतीच्या कारखान्यात गेला नाहीत तर घरचे लोक विचारतात, म्हणून आम्हीही गेलो. थंडीचे दिवस, गणपतीला अजून कितीतरी अवकाश, पण तिथं आतापासून फळ्यांवर ओळीनं पांढरे गणपती बसलेले. डोळे नसलेले इतके गणपती एका वेळी पाहिले की आपणच काहीतरी लपवतोय असं वाटायला लागतं. एका मूर्तीचा कान वाळलाय का ते बघायला मी बोट लावलं. कान आत गेला.

"अहो, हात नाय लावायचा!" कारागीर ओरडला. मग माझा चेहरा बघून हसला. "राहू द्या, होतो सरळ. मास्तर हायत काय?"

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"मास्तर लोक बघत नायत. तपासतात."

सुनंदा इतकी हसली की तिनं त्या आनंदात पोह्याचे पापड जरुरीपेक्षा फार घेतले. अजून चाललेत.

साताऱ्यात पत्ता विचारला तर सांगणारा आधी तुमचं तिथं काय काम आहे ते काढून घेतो आणि मग ते काम होणार नाही असं सांगतो. पेणला मात्र नुसतं "सरळ जा" म्हणतात. रस्ता कुठंच सरळ नाही, पण सांगण्यात इतका विश्वास असतो की आपण पोचतो.

खाडीकाठी

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मिनिडोर म्हणतात त्या सहा आसनी रिक्षातून गेलो. भाताची कापलेली शेतं, मग मिठागरांचे पांढुरके तुकडे, मग मातीचा लांबच लांब बांध आणि बांधापलीकडे खाडी. ओहोटी होती. चिखल उन्हात चकाकत होता आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास नाकात शिरून तिथंच राहिला होता. शाळा बांधाला लागूनच.

स्वागतगीत नव्हतं. खरं सांगतो, मला थोडं लागलं. भाषणात मी स्वागतगीताची चेष्टा करतो, पण ते झाल्यावर करतो. इथं मुलं उठलीसुद्धा नाहीत. गोल करून जमिनीवर बसली होती. वेदांत नावाचा एक मुलगा म्हणाला, "काका, जरा बाजूला सरा ना, दिसत नाय."

म्हात्रेबाई तिशीच्या, हसऱ्या, आवाज घरातल्यासारखा. त्यांनी आम्हाला मागच्या बाकावर बसवलं. भिंतीवर मोठ्या अक्षरात एक प्रश्न लिहिला होता: भरती रोज उशिरा का येते? खाली मुलांचे अंदाज, ज्याच्या त्याच्या अक्षरात. 'समुद्र दमतो.' 'खाडीत गाळ वाढला.' 'मुंबईवाले पाणी अडवतात.' बाईंनी एकावरही काट मारली नव्हती.

"दिवाळीपासून चाललंय," त्या हळूच म्हणाल्या. "रोज पाणी बांधाला लागतं कधी, ते बघतात. मी काही सांगत नाही. सांगायचं तोंडावर येतं हो, पण चहा पिऊन गप्प बसते."

मग एक बारीकशी मुलगी उठली. सानिका. ओच्यात खडे होते. बाईंनी माझ्या बायकोचा हात धरला. "ताई, ही मिठागरावरची. वर्गात तोंड उघडत नाही कधी. आज पहिल्यांदा आपणहून उठलीय. शनिवारी रोह्याला हिनंच बोलावं असं माझ्या फार मनात आहे."

सानिकानं जमिनीवर खडे मांडले, एकापुढे एक. बोलली ती खड्यांशीच.

"ह्या दिवशी मधली सुट्टी झाली तवा पानी बांधाला लागलं. ह्या दिवशी त्याच्या मागनं. ह्या दिवशी अजून मागनं. उशीर रोज तेवढाच हाय. म्हणजे पानी दमत नाय. दमलं असतं तं कधी जास्त उशीर झाला असता, कधी कमी. कायतरी हाय, ते पन रोज तेवढंच उशिरा… तसा…"

आणि ती थांबली. खिडकीबाहेर बघायला लागली. तोंड अर्धं उघडं. सगळा वर्ग गप्प. वेदांतसुद्धा.

या क्षणाला माझ्या भाषणात 'सोन्याचा क्षण' म्हणतात. पडद्यावर त्या वेळी पिवळं अक्षर येतं. आणि मी सांगतो: इथं शिक्षकानं श्वाससुद्धा जपून घ्यावा.

"चंद्र!" मी म्हणालो.

नुसतं म्हणून थांबलो असतो तरी काहीतरी वाचलं असतं. मी उठलो. फळ्याजवळ गेलो. खडू उचलला. पृथ्वी काढली, चंद्र काढला, बाण काढले, पृथ्वीभोवती पाण्याचे दोन फुगवटे काढले. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तेवढीच उशिरा, हे इतकं सुबक समजावलं की माझं मलाच कौतुक वाटलं. वीसेक वर्षं हीच आकृती काढतोय. हात आपोआप चालतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणा बोलायचा थांबला की टाळ्या वाजवायच्या हे सरकारी शाळेतल्या मुलाला कुणी शिकवावं लागत नाही.

वेदांत उठला आणि भिंतीवरच्या 'समुद्र दमतो'वर त्यानं स्वतःच काट मारली. सानिकानं खडे गोळा केले आणि ती जागेवर जाऊन बसली.

"छान सांगितलंत, सर," बाई म्हणाल्या.

मला खरंच वाटलं, छान सांगितलं. दुपारी बाईंच्या घरी तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि वालाचं बिरडं. वाल मी जन्मात इतके गोड खाल्ले नव्हते. आमच्याकडे वाल म्हणजे कडवटपणा सहन करायची सवय. "तुमची मुलं फार चुणचुणीत आहेत," असं मी बाईंना सांगितलं आणि आणखी भात घेतला. बाईंनी वाढला. त्यांच्या वाढण्यात काही कमी नव्हतं. त्या बोलत मात्र नव्हत्या.

शाळा सुटल्यावर मुलं रोज बांधावर पाणी बघायला जातात, ते बघायला आम्हीही गेलो. बांधावर बाई एकट्याच उभ्या. मुलं खालच्या मोकळ्या शेतात क्रिकेट खेळत होती.

"काय रे वेदांत, पाणी बघायला नाही यायचं?" मी हाक मारली.

"कशाला? सर बोललं ना सगळं!" तो खालून ओरडला आणि बॉल टाकायला पळाला.

आमच्या पुढ्यात पाणी हळूहळू चढलं आणि बांधाला लागलं. कुणीही "लागलं!" म्हणून ओरडलं नाही. बाईंनी पदर खांद्यावर घेतला. सुनंदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, तुमच्या त्या भाषणाचं नाव काय हो?"

रोह्याकडे

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पेणहून रोह्याची गाडी निवांत होती. खिडकीतून डोंगर आणि मध्येच कारखान्यांच्या चिमण्या. समोरच्या बाकावर शिफ्टला निघालेले दोघं डबा उघडून बसले होते आणि मला आग्रह करत होते. मी नाही म्हणालो. सुनंदानं माझ्या वाटणीचंही घेतलं.

"पण मी चुकीचं काय सांगितलं?" मी विचारलं. "बरोबरच होतं ना?"

"बरोबर होतं म्हणूनच तर," ती म्हणाली. "चुकीचं सांगितलं असतं तर पोरांनी आज जाऊन तपासलं असतं. आता काय तपासणार?"

"तिला मदत करावी म्हणून मी…"

"मदत? आपला बंड्या पहिल्यांदा सायकल शिकताना तुम्ही मागून कॅरिअर धरून पळत होता. शेवटपर्यंत सोडलंच नाही. मग त्याला माझ्या भावानं शिकवली."

हे खरं होतं. आमच्या घरात प्रवासकथांमध्ये ही गोष्ट मी वेगळी सांगतो.

रोहा

कुंडलिका नदीला पाणी होतं आणि अनंताच्या अंगणात पोपटी लागत होती. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, सगळं भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडक्याचं तोंड बांधायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. आत काय चाललंय ते दिसत नाही. बाहेरून मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज कसा येतो त्यावर समजायचं. मी काठी घेऊन जवळ गेलो.

"झालं असेल ना रे?"

"भावोजींच्या हातातली काठी घ्या गो!" अनंताची बायको मीना घरातून ओरडली.

"घ्याच," सुनंदा म्हणाली. "हे दोन मिनिटांत उघडून दाखवतील आतमध्ये काय आहे ते."

मग तिनं सगळ्यांना खाडीच्या शाळेतली हकीकत सांगितली. तिनं सांगितली तेव्हा लोक हसले, कारण ती चांगली सांगते. अनंता हसला नाही. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. म्हात्रेबाई होत्या. त्यानं "हो… हो… असं का?" केलं आणि माझ्याकडे बघितलं.

"सानिका बोलायला नाय म्हणते. टेबल रद्द करू का विचारतायत. पोर म्हणते, सरांनी सगळं सांगितलं, आता मी काय सांगू."

मी फोन घेतला. "बाई, माझं चुकलं हो. फार चुकलं."

"नाही नाही सर, असं नका म्हणू," त्या घाईनं म्हणाल्या. "तुम्ही मोठे. माझंच चुकलं. आधी सांगायला हवं होतं मी तुम्हाला, की बोलू नका म्हणून."

पाहुण्याला 'बोलू नका' सांगायला हवं होतं, आणि तो पाहुणा कोण, तर 'थांबा, मूल बोलतंय'वाला. मी विचारलं, "उद्या तिला आणाल का? बोलली नाही तरी चालेल."

"बघते," बाई म्हणाल्या.

मडकं उघडलं. वास सगळ्या गल्लीत गेला. लोक म्हणतात पोपटीसारखी चव नाही. असेल. मला आठवत नाही.

शनिवारी सभागृहात शिक्षक गच्च बसले होते. बाजूला टेबलं. कुणाचा प्रश्न 'मुंग्या रांगेतच का जातात', कुणाचा 'आजीला मराठी तारीख कशी कळते'. म्हात्रेबाईंच्या शाळेचं टेबल रिकामं. मी भाषणाला उभा राहिलो. पडदा सुरू केला नाही. खाडीच्या शाळेत मी काय केलं ते सरळ सांगून टाकलं. खडू कसा उचलला, आकृती किती सुबक काढली, पोरांनी बांधावर जाणं कसं सोडलं. गाव आणि बाईंचं नाव घेतलं नाही. शेवटचं वाक्य मला सापडलंच नाही. नुसता उभा राहिलो.

कडाडून टाळ्या पडल्या. माझ्या कुठल्याही भाषणाला इतक्या पडल्या नव्हत्या. एक जण पुढं येऊन म्हणाला, "सर, शेवटची शांतता काय घेतलीत!" शाल आली. श्रीफळ आलं. आणखी एका तालुक्याचं आमंत्रण आलं, "हीच गोष्ट सांगा" म्हणून. मी शाल अंगावर घेऊन उभा होतो आणि ती अंगाला चावत होती. एका मुलीचं तोंड बंद केल्याबद्दल माझा सत्कार चालला होता.

तेव्हा मागच्या दारातून म्हात्रेबाई आत आल्या. त्यांची एसटी चुकली होती. मागं सानिका. वेदांत नव्हता, दुसरं कुणीच नव्हतं. मी शाल सुनंदाच्या हातात कोंबली आणि गेलो.

"मी काही केलं नाही हं सर," बाई म्हणाल्या. "काल ही एकटीच बांधावर गेली होती. सकाळी आपणहून म्हणाली, येते."

मी सानिकासमोर खाली बसलो. गुडघे वाजले. "सानिका, त्या दिवशी मी मध्ये बोलायला नको होतं. माझी चूक झाली. तू 'तसा' म्हणून थांबली होतीस. काय म्हणणार होतीस गं?"

तिनं खूप विचार केला. खरंच केला.

"आता नाय आठवत."

मी मान हलवली. ते गेलं होतं. चंद्र मी तिला दिला; तिचं जे काही होतं ते मात्र आता कुणालाच मिळणार नव्हतं. कदाचित चंद्रच असेल, कदाचित आणखी काही. मला कधीच कळणार नाही.

"पन सर," ती म्हणाली, "तुमी बोललात चंद्र पानी ओढतो. मग पानी दोनदा का चढतं? चंद्र तं एकच हाय. माझा बाबा पहाटंचा खाडीवर जातो. त्याला इचारलं. तो बोलला, पहाटंला पानी चढतं तवा चंद्र नसतोच आता वर."

"अगदी सोपं आहे बघ," माझं तोंड म्हणालं. मी नव्हे, तोंड. "पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला पण पाणी फुगतं. कारण तिकडं… म्हणजे चंद्र जसा इकडं ओढतो, तसं तिकडचं पाणी मागं… मागं राहतं…"

सानिका मान डोलवायला लागली. ती मान मी ओळखतो. माझ्या वर्गात ती मान रोज डोलते आणि मी पुढच्या धड्याकडे जातो. 'कळलं नाही, पण सर दमले असतील' अशी ती मान असते. दुसरा फुगवटा मी वर्षानुवर्षं काढत आलो. तो तिथं का आहे हे मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"नाही गं," मी म्हणालो. "मला नीट येत नाही हे."

तिला धक्का वगैरे बसला नाही. उलट तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"तुमच्या गावाला भरती येते?"

"साताऱ्याला? नाही. तिकडं डोंगर आहेत."

"चंद्र येतो ना?"

"येतो."

"मग तुमी चंद्र बघा. आमी पानी बघतो. बाईंच्या फोनवर कळवू." असं म्हणून ती तिच्या रिकाम्या टेबलाकडे गेली आणि ओच्यातले खडे त्यावर मांडू लागली. मुंग्यांच्या टेबलावरची दोन मुलं बघायला आली. ती त्यांना काहीतरी सांगत होती. मी ऐकायला गेलो नाही. सुनंदानं माझा कुर्ता मागून धरला होताच.

साताऱ्यात

परत आलो. शाळा, भाजी, पाहुणे, पापड. सोमवारी संध्याकाळी जेवून टीव्हीसमोर बसलो होतो. म्हात्रेबाईंच्या नंबरावरून मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज आला. सानिकाचा.

"सर, आज दिवे लागायच्या टायमाला पानी बांधाला लागलं. चंद्र कुठं होता?"

दिवे लागायच्या वेळेला मी सोफ्यावर आडवा होतो. चंद्र माझ्या ध्यानातही नव्हता. पण मोबाइलवर हल्ली सगळं मिळतं. कुठल्या गावात कुठल्या मिनिटाला चंद्र कुठं, ते मी शोधलं आणि लिहिलं: 'जवळजवळ डोक्यावर होता.' शंभर टक्के बरोबर होतं. पाठवायचं बटण दाबायच्या आधी सुनंदाकडे पाहिलं. ती माझ्या बोटाकडे बघत होती.

मी ते पुसलं. लिहिलं: 'बघितला नाही. चुकलं. उद्या बघतो.'

थोड्या वेळानं पुन्हा तिचा आवाज आला. मागं बाईंच्या घरातली भांडी वाजत होती आणि बाहेरून कुणीतरी तिला जेवायला हाक मारत होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग आजची चंद्राची जागा रिकामी ठेवते."